अंतराळयानात खून पाडायचाय? मग आधी हवेचा हिशोब मांडा

रहस्यकथा अंतराळयानात घडवायची म्हटलं की बहुतेक जण खुन्यापासून सुरुवात करतात. कोण मेलं, कोणी मारलं, का मारलं, हे सगळं पक्कं झालं की मग यान आणतात, आणि ते यान म्हणजे नुसता नाटकाचा मागचा पडदा, खिडकीतून तारे दिसतायत, दारं सूं करून उघडतायत, बाकी सगळं नेहमीचंच चाललंय. चार पानं वाचली की कळतं, हे सगळं लोणावळ्याच्या बंगल्यात पावसात लाइट गेल्यावर पण घडलं असतं की! मग कशाला एवढं इंधन जाळून वर गेलात? म्हणून माझा एकच हट्ट आहे, गुन्हा असा शोधा जो फक्त त्या यानातच होऊ शकतो, आणि तो उघडकीला पण यावा यानातल्याच कुठल्यातरी पंख्यामुळे, फिल्टरमुळे, आकड्यामुळे. खुनी नंतर ठरवला तरी चालतो, खरंच.

हे काही हवेतलं बोलत नाहीये, प्रत्यक्षात असं झालंय. २०१८ च्या ऑगस्टमध्ये इंटरनॅशनल स्पेस स्टेशनवर सहा जण होते, २९ तारखेच्या रात्री खाली कंट्रोल रूमला दिसलं की आतला हवेचा दाब थोडा थोडा उतरतोय. लगेच धोका नव्हता म्हणून कोणाला उठवलं पण नाही, सकाळी सगळे शोधायला लागले आणि स्टेशनला जोडलेल्या सोयूझ एमएस-०९ या यानात साधारण २ मिलिमीटरचं भोक सापडलं. आधी टेप चिकटवली, मग इपॉक्सीने बुजवलं. सुरुवातीला वाटलं बाहेरून काहीतरी बारीक दगड-बिगड लागला असेल, पण भोक नीट बघितल्यावर रशियन स्पेस एजन्सीचे प्रमुखच म्हणाले की हे ड्रिलचं काम दिसतंय, ड्रिल घसरल्याच्या खुणा आहेत. म्हणजे कोणीतरी केलंय! कारखान्यात, लाँचच्या आधी, की वर? ११ डिसेंबरला दोन कॉस्मोनॉट (रशियन अंतराळवीर) बाहेर गेले, पावणेआठ तासांचा स्पेसवॉक, चाकूने यानाचं बाहेरचं इन्सुलेशन फाडून नमुने घेतले. आणि आता गंमत बघा, भोक होतं ते सोयूझच्या ज्या भागात, तो भाग परतीच्या वाटेवर सोडून देतात आणि तो वातावरणात जळून जातो. २० डिसेंबरला माणसं सुखरूप खाली आली आणि घटनास्थळाची राख झाली. भोक कोणी पाडलं हे रशियाने अधिकृतपणे जाहीर केलेलंच नाही. तुम्ही ही गोष्ट लिहून पाठवली असती तर संपादक म्हणाला असता, जरा जास्तच जुळवून आणलंय हो.

यात आपल्या कामाचं काय आहे? पहिलं म्हणजे पुराव्याला तारीख आहे, अमुक दिवशी तो नष्ट होणारच आणि तो नष्ट झाल्याशिवाय घरी पण जाता येत नाही. थ्रिलरला अजून काय पाहिजे. असा एखादा भाग तुमच्या यानात ठेवा, नाहीतर कचऱ्याचं यान ठेवा, स्टेशनवर सामान घेऊन येणारी बरीच मालवाहू यानं परत जाताना कचरा भरून सोडतात आणि ती जळून जातात. रक्ताचा टॉवेल कचऱ्याच्या पिशवीत गेलाय, पिशवी यानात गेलीय, यान परवा सुटणार, आणि अशा ३०० पिशव्या उघडून बघायला कमांडर तयार नाही. झाला की तुमचा मधला भाग. दुसरं म्हणजे संशयित फक्त आत असलेले नसतात, यानाला खाली ज्यांचे ज्यांचे हात लागलेत ते सगळेच.

आता माणसं किती घ्यायची. तीन घेतली तर एक मेला की दोनच उरतात, मग रहस्य कसलं, दुसऱ्याने केलं हे त्यातल्या एकाला तरी लगेच कळतं (तसं करून पण चांगली गोष्ट होऊ शकते पण ती वेगळ्या जातीची). वीस घेतली तर वाचक नावं विसरतो. सहा ते आठ बरं पडतं. आणि माणसं मोजली की लगेच परतीच्या सीटा मोजा! १९९७ च्या फेब्रुवारीत रशियाच्या मीर स्टेशनवर ऑक्सिजन तयार करणारी एक कांडी पेटली, धुराने काही दिसेना. तेव्हा वर सहा जण होते, पळून जायला तीन-तीन जणांची दोन सोयूझ होती, आणि त्यातल्या एकाकडे जायची वाट नेमकी आगीच्या पलीकडे. आग विझली, सगळे वाचले, पण त्या काही मिनिटांत तिथल्या प्रत्येकाच्या डोक्यात सीटांचं गणित आलं नसेल असं मला तरी वाटत नाही. तुमच्या कथेत सात माणसं आणि सहा सीटा असतील तर वेगळा हेतू शोधत बसायची गरजच नाही.

आता हवा. इथे जरा थांबतो कारण सगळ्यात जास्त माल इथे आहे आणि लोक सगळ्यात कमी वापरतात. वजनरहित अवस्थेत गरम हवा वर जात नाही, कारण वर असं काही नसतंच, त्यामुळे पंखा बंद असेल तर झोपलेल्या माणसाने सोडलेला कार्बन डायऑक्साइड त्याच्याच तोंडाभोवती साचून राहतो. म्हणून स्टेशनवर प्रत्येक झोपायच्या कप्प्यात पंखा असतो आणि तिथे चोवीस तास घरघर चालू असते. आवाज थांबला की माणसं दचकतात. हे तुम्ही पहिल्याच प्रकरणात सहज सांगून टाकायचं, कोणीतरी नवखा माणूस आवाजाची तक्रार करतोय आणि जुना त्याला सांगतोय की बाबा हा आवाज आहे म्हणून तू सकाळी उठतोस. वाचक हसून पुढे जातो, तुम्ही मात्र पुढे उडणारी बंदूक भिंतीला टांगून ठेवलेली असते.

पण नुसता पंखा बंद करून मारणं फार ढोबळ झालं, बहुतेक वेळा माणूस डोकं धरून, धापा टाकत जागा होईल. त्यापेक्षा हाच वायू साक्षीदार म्हणून वापरा. एक माणूस दिवसाला साधारण १ किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो. समजा १०० घनमीटरची लॅब आहे, दार बंद, हवा फिरवणारा पाइप पण बंद, तर शांत बसलेल्या एका माणसामुळे तिथला आकडा तासाला ढोबळमानाने २३० पीपीएमने (हवेच्या दहा लाख भागांत २३० भाग) वाढणार. दोन असतील तर दुप्पट. आता बघा, तुमची डॉक्टर, वैदेही म्हणू, ती सांगते की मी दोन तास लॅबमध्ये एकटीच होते. सगळ्यांचा तिच्यावर विश्वास आहे, कॅमेरा नेमका बंद होता, दाराचा लॉग कोणीतरी पुसलाय. पण सेन्सरचा ग्राफ कोणी पुसत नाही कारण तो कोणाच्या लक्षातच नसतो, आणि ग्राफ म्हणतो की दोन तासांत ९०० पीपीएम चढले. म्हणजे लॅबमध्ये दोघं होते! वाचक खूश. इथे तुम्ही त्याच्या पायाखालची सतरंजी ओढायची, कारण व्यायाम करणारा माणूस बसलेल्या माणसापेक्षा कितीतरी जास्त वायू सोडतो, आणि वैदेही शांतपणे म्हणते, मी सायकल मारत होते. आता सायकलचा लॉग बघा, घामामुळे हवेतली आर्द्रता वाढली का बघा, हृदयाचे ठोके मोजणारा पट्टा कुठे होता बघा. एकाच आकड्यातून तीन प्रकरणं निघतात आणि कुठेही हातचलाखी नाही, सगळं वाचकाच्या समोर मांडलेलं.

पाण्याचं पण तसंच. स्टेशनवर घाम, श्वासातली वाफ, लघवी, सगळं गोळा करून परत प्यायचं पाणी करतात, २०२३ मध्ये नासाने सांगितलं की ९८ टक्के पाणी परत मिळवता येतंय. म्हणजे जे एकाच्या अंगातून बाहेर पडलं आणि फिल्टरने अडवलं नाही ते सगळ्यांच्या चहात येणार. २०१० मध्ये तिथल्या पाण्यातला कार्बनचा आकडा हळूहळू चढायला लागला, नमुने तपासले तर सिलिकॉनचं एक संयुग निघालं जे फिल्टरमधून सुटून जात होतं, आणि त्याचं मूळ होतं हवेत, म्हणजे शेवटी माणसांच्या अंगाला लावायच्या वगैरे रोजच्या वस्तूंपर्यंत पोचणारं. कोणी विष घातलं नव्हतं, पण एक आकडा रोज थोडा थोडा वर चाललाय आणि का ते कळत नाहीये, हे वातावरण उचला. विषाचं नाव-गाव-मात्रा देत बसू नका, गोष्टीला त्याची गरज नसते आणि तिथे चूक पण पटकन पकडली जाते.

वस्तू हरवतात ते तर सोन्याहून पिवळं. हातातून सुटलेली वस्तू खाली पडत नाही, ती तरंगत तरंगत हवेच्या ओढीने कुठल्यातरी पंख्याच्या जाळीवर जाऊन बसते, म्हणून काही हरवलं की अंतराळवीर आधी जाळ्या बघतात. तुमचा डिटेक्टिव्ह पण तेच करेल, आणि खुनी हुशार असेल तर तो आधीच जाळी साफ करून ठेवेल, आणि मग अख्ख्या यानात एकच जाळी स्वच्छ कशी हा प्रश्न येईल. फ्रँक रुबिओ या अंतराळवीराने स्टेशनवर उगवलेला एक टोमॅटो हरवला, सगळे म्हणायला लागले यानेच गुपचूप खाल्ला, बिचारा ३७१ दिवस राहून पृथ्वीवर परत आला तरी डाग काही जाईना, शेवटी २०२३ च्या डिसेंबरमध्ये वरच्या लोकांनी जाहीर केलं की टोमॅटो सापडलाय. सुकून गेलेला, पण सापडला. एवढ्याशा बंद जागेत एक टोमॅटो महिनोन्महिने लपू शकतो, तर पेन ड्राइव्हला काय अडचण.

तपासाची पद्धत पण तिथलीच घ्या. २०२० मध्ये स्टेशनमधून हवा गळत होती आणि जागा सापडत नव्हती तेव्हा त्यांनी एकेका भागाची दारं बंद करून कुठल्या भागातला दाब उतरतो ते बघितलं, आणि शेवटी रशियन भागातल्या एका छोट्या कप्प्यात चहाच्या पिशवीतली चहापत्ती हवेत सोडली, कॅमेरे लावले, दार बंद केलं. पत्ती हळूहळू सरकत जिथे गेली तिथे चीर होती. आपल्याकडे कुठल्याही डोकेदुखीवर चहा हा इलाज आहेच, तिथे पण निघाला. असा एखादा प्रसंग पूर्ण पानभर लिहा, घाई करू नका, सहा माणसं श्वास धरून पत्तीकडे बघतायत आणि त्यातल्या एकाला आधीच माहितीय ती कुठे जाणार, त्याची नजर पत्तीच्या आधी तिकडे जाते. एवढं दिसलं पाहिजे.

मग येतो सगळ्यांचा लाडका एअरलॉक, म्हणजे यानातून बाहेर जायची दोन दारांची खोली. रागाच्या भरात दार उघडलं आणि ढकलून दिलं, हे विसरा. आत पृथ्वीइतकाच दाब असेल तर दर चौरस मीटरवर जवळपास १० टनांचा जोर असतो, आणि दार आतल्या बाजूला उघडणारं असेल तर हवाच ते दाबून धरते. आधी हवा काढावी लागते, त्याला वेळ लागतो, पंपाचा आवाज होतो, लॉग पडतो. स्वतः बाहेर जायचं तर त्याआधी बराच वेळ शुद्ध ऑक्सिजन घेऊन अंगातला नायट्रोजन कमी करावा लागतो. आणि सूट कुठला आहे यावर साथीदार लागणार की नाही ते ठरतं, बरं का. रशियन ओर्लान सूटला पाठीमागे दार असतं, त्यात माणूस एकटा शिरू शकतो, अमेरिकन सूट घालायला दुसऱ्याची मदत घेतात. नुसत्या सूटच्या निवडीवर तुमचा संशयितांचा आकडा अर्धा होतो. व्हॅक्युममध्ये माणूस फुगून फुटत नाही आणि क्षणात बर्फ पण होत नाही. १९६६ मध्ये ह्यूस्टनच्या एका चाचणी कक्षात सूटची नळी निघाली आणि आतला तंत्रज्ञ साधारण १४ सेकंदांत बेशुद्ध पडला, त्याला शेवटचं आठवत होतं ते जिभेवरची लाळ बुडबुडल्यासारखी होतेय हे. तो वाचला. म्हणजे तुमच्या बळीकडे पण दहा-बारा सेकंद आहेत, त्यात तो काहीतरी करू शकतो, काचेवर बोट ओढू शकतो, बटण दाबू शकतो. ते सेकंद वाया घालवू नका.

आणि हत्यार बाहेर फेकलं की सुटलो असं खुन्याला वाटू दे. यान पृथ्वीभोवती फिरत असेल तर फेकलेली वस्तू पण कक्षेतच फिरते. साधारण ४०० किलोमीटर उंचीवर स्पॅनर सरळ पृथ्वीच्या दिशेने, सेकंदाला १ मीटर वेगाने फेकला तर तो खाली पडत नाही, तो पुढे निघतो, पाऊण तासाने साडेतीन किलोमीटर पुढे असतो आणि दीड तासाने एक फेरी पूर्ण करून परत यानाच्या आसपास! खुनी खिडकीशी बसून कॉफी पितोय आणि समोरून तोच स्पॅनर येतोय. हवेचा अगदी पातळ अडथळा असतो त्यामुळे अगदी तिथेच येईल असं नाही, पण दिसण्याइतका जवळ येऊ शकतो. मागे फेकला तर उलट तो खालच्या कक्षेत जाऊन पुढे निघून जातो आणि परत येत नाही, म्हणून कॉस्मोनॉट नको असलेल्या वस्तू मुद्दाम मागच्या दिशेला ढकलून देतात. म्हणजेच तुमच्या खुन्याला कक्षेचं गणित येत नाही, आणि यानात कोणाकोणाला येत नाही हे वाचकाला आधीच माहिती असतं. मंगळाच्या वाटेवरच्या यानात मात्र ही युक्ती चालणार नाही, तिथे फेकलेली वस्तू नुसती लांब लांब जात राहते.

मंगळाच्या वाटेवर दुसरे फायदे आहेत. मंगळाजवळ पोचलं की पृथ्वीशी बोलायला एका बाजूने ३ ते २२ मिनिटं लागतात, म्हणजे "काय करू?" विचारल्यावर उत्तर यायला पाऊण तास पण लागू शकतो. आणि साधारण २६ महिन्यांतून एकदा सूर्य मधे येतो तेव्हा सुमारे दोन आठवडे मंगळाकडे कमांड पाठवणं जवळजवळ बंद ठेवतात. खून त्याच दोन आठवड्यांत पाडा. तारीख सगळ्यांना वर्षभर आधी माहिती असते, त्यामुळे कट आधीपासून रचला होता हे आपोआप सिद्ध होतं.

वेळेचा घोळ पण चांगला वापरता येतो. स्टेशनवर दिवसाला १६ वेळा सूर्य उगवतो, घड्याळ ग्रीनिचचं, त्यामुळे "अंधार होता म्हणून ओळखलं नाही" ही साक्ष मिनिटावर तपासता येते. मॉस्कोत २०१०-११ मध्ये सहा जणांना ५२० दिवस कोंडून मंगळप्रवासाचा सराव केला होता, त्यातल्या एकाचं झोपेचं चक्र २५ तासांचं झालं आणि तो बाकीच्यांपासून सरकत सरकत गेला, सगळे झोपले की हा जागा. असं पात्र म्हणजे आयता संशयित. आणि म्हणूनच तो खुनी नको.

तपास कोण करणार? पोलीस नाहीत. स्पेस स्टेशनच्या १९९८ च्या करारात असं आहे की ज्या देशाचा माणूस त्या देशाचा कायदा, म्हणजे मृत एका देशाचा, संशयित दुसऱ्या देशाचा, मॉड्यूल (स्टेशनचा तो भाग) तिसऱ्याचं, असं झालं की वकिलांची दिवाळी. भारत त्या करारात नाही, त्यामुळे भारतीय पात्र घेतलंत तर कायद्याचा पेच अजून वाढतो. तपास मी तरी कमांडरकडे देणार नाही, त्याच्याकडे अधिकार असतो आणि रहस्यकथेत अधिकाराने मजा जाते. हवा-पाण्याची यंत्रं सांभाळणारा जो माणूस असतो ना, ज्याला सगळे फक्त टॉयलेट तुंबल्यावर बोलावतात, त्याला द्या. सगळे आकडे त्याच्याकडेच असतात.

माणसांत हेवेदावे भरताना मोठं काही शोधू नका. एवढ्याशा जागेत खाण्यावरून पण पेटू शकतं. शुभांशू शुक्ला २०२५ मध्ये स्टेशनवर गेले तेव्हा गाजर हलवा, मूग डाळ हलवा आणि आमरस घेऊन गेले होते. आता आमरसाचं शेवटचं पाकीट कोणाच्या तरी नावाने ठेवलेलं आणि ते रिकामं सापडतंय, कल्पना करा. आपल्या घरांत यावरून काय होतं ते सांगायला नको. पाकिटावर ज्याचं नाव होतं तो दुसऱ्या दिवशी सापडत नाही.

प्रत्यक्ष लिहायला बसाल तेव्हा आधी एका मोठ्या कागदावर यानाचा नकाशा काढा, दारं, पाइप, पंखे, सेन्सर सगळं, आणि खुनाच्या रात्रीचे सहा तास दर दहा मिनिटांनी भरा, कोण कुठे, कुठलं दार उघडं, कुठला आकडा किती. हे कंटाळवाणं आहे, दोन-तीन दिवस जातात, पण यानंतर संवाद आपोआप येतात कारण कोण खोटं बोलतंय ते तुम्हाला मिनिटासकट माहिती असतं. यातला दहावा भागच गोष्टीत जाऊ दे. विज्ञानाची जी गोष्ट शेवटी उलगड्यात लागणार आहे ती खुनाच्या आधी, हसत-खेळत, दुसऱ्याच कामाच्या निमित्ताने एकदा दाखवून ठेवा. शेवटच्या पानावर पहिल्यांदा नवीन नियम काढलात तर वाचक पुस्तक भिंतीवर मारेल आणि तो बरोबर असेल. "सगळं त्या एआयने केलं" हा शेवट तर नकोच नको, तो वापरायचाच असेल तर निदान दुसऱ्या प्रकरणापासून त्याच्यावर संशय घ्यायला द्या.

पूर्ण झालं की दोघांना वाचायला द्या, एक इंजिनिअर आणि एक जो फक्त रहस्यकथा वाचतो. इंजिनिअरने काढलेल्या चुका सगळ्या दुरुस्त करायची गरज नाही, ज्या चुकीवर उलगडा उभा आहे तेवढ्या करा. दुसऱ्याला फक्त एकच विचारा, खुनी कुठल्या पानावर कळला. अर्ध्याच्या आधी म्हणाला तर नकाशाच्या कागदावर परत जा. आणि दिवाळी अंकाला द्यायची असेल तर पावसाळा संपायची वाट बघू नका, तिकडची जुळवाजुळव बरीच आधी सुरू होते, शिवाय शब्दमर्यादा आधी विचारून घ्या, कारण कापायला सांगितलं की लोक नेमका तो पंख्याचा विनोदच कापतात.